टेन स्लीपच्या घाटातल्या ट्रेलरची वाटणी

मी, लेलंड अमोस ब्रॅटन, वय चौऱ्याहत्तर, धंदा गुरं-घोडी, राहणार टेन स्लीप, वायोमिंग, राजीखुशीने हे मृत्युपत्र करतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत आहे. मला स्वतःला तेवढी खात्री नाही. कारण कलम ३ मध्ये येईल.

कलम १. घर व कुरण मुलगा वेड आणि मुलगी नोरीन यांना निम्मं-निम्मं.

कलम २. माझं खोगीर शेजारी गस लिंडक्विस्टला. त्याने माझ्याकडून उसनी नेलेली शिडीही आता त्याचीच समजावी. खोगीर मिळणार म्हणून साक्षीदार होता येत नाही, यावरून तो रुसला आहे.

कलम ३. डिझेल पिकअप व घोड्यांचा ट्रेलर. इथे माझी मती गुंग होते.

गेल्या मेमध्ये घाट उतरताना मागचा ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागला. चालवत होता वेड. शेजारी बसलेल्या नोरीनने हात घालून ट्रेलर-ब्रेकच्या कंट्रोलरची दांडी दाबली, नुसत्या ट्रेलरचे ब्रेक लावले. ट्रेलर सरळ झाला. तेव्हापासून दोघांत अबोला.

वेड म्हणतो, "बाबा, गिअर खालचा होता, इंजिन-ब्रेक चालू होता. आपोआप सरळ झाला असता. हिला मेलीला मध्ये नाक खुपसायची सवय!"

नोरीन म्हणते, "इंजिन-ब्रेक पिकअपला धरतो. मागच्या चार घोड्यांना कोण धरणार, याचा सासरा? बाबा, तुम्ही मागच्या सीटवर होतात ना? सांगा, कोण बरोबर!"

ज्याचं बरोबर त्याला गाडी, असं मी बोलून बसलो. आता पिकअप वेडच्या नावे लिहिली, खोडली. नोरीनच्या लिहिली, तीही खोडली. पिकअप एकाला नि ट्रेलर दुसऱ्याला दिला, तर घोडी नेणार कोण? अरे देवा, मला खरंच कळत नाही! मी मान खाली घालून कुत्र्याला आवळून बसलो होतो. पाहिलं काहीच नाही.

ऐकलं मात्र. दोघंही एकदमच ओरडली होती, "बाबा, घट्ट धरा!"

सबब दोन्ही वस्तू दोघांना मिळून. घाटात एकट्याने नेऊ नये. वकीलबाई म्हणतात, हे कोर्टात टिकायचं नाही. न टिको.

कलम ४. कलम ३ माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून लागू. शनिवारी घोडी खाली न्यायची आहेत. पोरांनो, मला फोन करू नका. एकमेकांना करा.

सही: लेलंड अ. ब्रॅटन
साक्षीदार: डेल्मा ऑर्चर्ड, टपाल कचेरी, रेमन एचेवेरी, नालबंद
टेन स्लीप, ९ ऑक्टोबर २०२४