साठाव्या वाढदिवसाचं गाणं

प्रिय एबे,

काल रॅग्नहिल्डचा फोन आला. शनिवारी तू साठ वर्षांचा होणार, अंगणात वाढदिवसाचा झेंडा चढणार, पन्नास माणसं जेवायला येणार आणि गाणं नेहमीप्रमाणे वीबेके लिहिणार. तुझ्या बायकोनं हे मला विचारलं नाही, कळवलं. तिचा दोष नाही. चाळिशीचं मीच लिहिलं, पन्नाशीचंही. छापील कागद हातात धरून तुझे सगळे मेहुणे मनापासून बेसूर गायले होते. तरुणपणी दोन वर्षं कोपनहेगनला संस्कृत शिकले, त्याचा या गावाला झालेला एवढाच उपयोग. अनुष्टुभावर तयार झालेली बोटं तुझ्या टकलावरच्या ओळींची अक्षरंही चोख मोजतात.

आज सकाळी राय धान्याचा काळा पाव समोर ठेवून बसले, आणि एक कडवं झालंसुद्धा. आपण फुटबॉलच्या मैदानावर दोरी धरून टाकीची जागा आखत होतो, तो दिवस. तू दोरीचं टोक धरून मागे मागे सरकत गेलास आणि पाठीमागच्या गोलच्या जाळ्यात जाऊन अडकलास. मी सोडवायला आले नाही, हसत बसले. त्या दिवशी आपल्याला खात्री होती की हे गाव आपण दोघं वाचवणार.

पाऊस बदलतोय हे मला हवामानखात्याआधी सांडपाणी साफ करणाऱ्या माझ्या जीवाणूंनी सांगितलं. आपल्या गावात पावसाचं पाणी आणि घरांचं सांडपाणी एकाच नळातून माझ्या शुद्धीकरण केंद्रात येतं. ढगफुटी झाली की तो लोंढा माझ्या हौदांतला गाळ जीवाणूंसकट खाडीत ढकलतो, आणि नवी वसाहत वाढवायला मला तीन आठवडे लागतात. म्हणून मैदानाखाली ती टाकी हवी होती: लोंढा पोटात धरून ठेवणारी, मग हळूहळू सोडणारी. मी आकडे मांडले ते पुढे येणाऱ्या पावसाचे. तू तेव्हा नगरपालिकेत नुकता विभागप्रमुख झाला होतास. तो कागद छातीशी धरून तू म्हणालास की हा मी सभेत वाघासारखा लढवीन.

यंदा ऑगस्टमध्ये ढगफुटी झाली आणि वाघाची परीक्षा झाली. केंद्रावरून मोगेन्सचा फोन आला. ‘बाई, तुमची टाकी चाळीस मिनिटांत भरली. आता चमच्यानं उपसू का?’ मला वाटलं, थट्टा करतोय. सांडपाणी खाडीत उतरलं, आणि पोहण्याच्या धक्क्यावर धोक्याचा लाल झेंडा लागेपर्यंत अकराजण पाण्यात उतरून गेले होते. त्यातल्या ॲग्नेटबाई अजून इस्पितळात आहेत. वय एक्याऐंशी. मला पोहायला त्यांनीच शिकवलं.

चौकशी समितीनं मंजुरीचा कागद पाठवला तेव्हा कळलं, टाकी निम्मीच बांधली आहे. आकडे गेल्या शतकातल्या पावसाचे आणि खाली तपासनीस म्हणून माझी आद्याक्षरं. मी न लिहिलेली. कॉपीच्या यंत्राजवळ तुला गाठलं, तेव्हा नाकारशील अशी मला आशा होती. तू घसा खाकरलास आणि सांगितलंस की मोठी टाकी त्या वर्षी मंजूर झालीच नसती, निवडणुकीआधी मैदान मोकळं करून द्यायचं होतं, काहीच नसण्यापेक्षा निम्मी बरी. इथवर मी ऐकून घेतलं असतं. पण पुढे तू अगदी प्रेमानं म्हणालास, ‘तुझी आद्याक्षरं असली की कुणी आकडे वाचत बसत नाही, वीबेके.’

तीस वर्षं मी एकेक आकडा दोनदा तपासला, तो लोकांना निर्धास्त झोप यावी म्हणून. त्या विश्वासाचा तू पडद्यासारखा वापर केलास. माझ्यावर आळ येईल, हे तुला सुचलंही नसेल. तेच मला जास्त लागलं.

तर शनिवारच्या गाण्याबद्दल. सोबत माझ्या मूळ कागदाची प्रत आहे, तुझ्या कॉफीच्या डागासकट. मूळ कागद घेऊन शुक्रवारी दहा वाजता मी समितीच्या दाराशी असेन. तू माझ्याआधी पोचलास आणि स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलंस, तर गाणं होईल. दोनच कडव्यांचं असेल, पण होईल. नाही पोचलास, तर रॅग्नहिल्डला एवढंच सांग की या वेळी वीबेकेची अक्षरं जुळली नाहीत. गाणं मग तूच लिही, आणि त्याखाली कुणाची आद्याक्षरं घालायची, ते तुला मी शिकवायला नको.

शुक्रवारी दहापर्यंत तरी तुझीच,
वीबेके