डाव्या कानातली यमुना

गुरुवार, ३ मार्च ९४
कॅसेट सापडली. जनार्दनच्या पेटाऱ्यात, वायरींच्या गुंत्याखाली. पोराचा धंदा लग्नामांडवांत लाउडस्पीकर लावायचा, आणि आईचा आवाज ठेवला कुठे, तर उंदरांच्या शेजारी. माझ्या दिराच्या मुलीच्या लग्नातली कॅसेट आहे. त्यात मी आणि माझी जोडीदारीण यमुना, दोघींनी धवले म्हटले, लग्नविधीची गाणी. यमुना जाऊन आता वर्ष होईल.
लिहिते आहे वंदना, माझी सून. मला अक्षर येत नाही. तिला अक्षर येतं, पण लिहायला काही सुचत नाही, ते माझ्याकडून घ्यावं लागतं. (हे लिहायला तयार नव्हती. म्हटलं लिही, डायरी माझी आहे.)

शुक्रवार, ४ मार्च
वंदना विचारते, कॅसेटची एवढी घाई का. मनीषाचं, म्हणजे हिच्याच लेकीचं, लग्न मे महिन्यात. धवला आजी नाही म्हणणार तर कोण? आणि अडचण तिथेच.
धवले म्हणणाऱ्या बायका, धवलारणी, नेहमी दोन. आवतणाच्या धवल्यात एकेक देव, एकेक पितर नाव घेऊन मांडवात बोलवायचा. एक नाव मी घ्यायची, पुढचं यमुना. माझी मला पाठ, तिची तिला. तिची मी कधी पाठ केली नाहीत. शेजारी चूल पेटलेली असली की आपण काडेपेटी शोधत नाही, तसं. डाव्या बाजूला ती उभी असायचीच.
आता माझ्याकडे अर्धंच आवतण. निम्मे पाहुणे दारात उभे राहणार. देव एक वेळ समजून घेतील. पितर नाय घेणार. आमच्या सासऱ्यांना जिवंतपणी ताट उशिरा आलं तरी ते दोन दिवस बोलत नसत.
कॅसेट टेपवर लावली. बँडच बँड. माझा आवाज कुठेकुठे. यमुना नाहीच.

रविवार, ६ मार्च
ज. ने धंद्यातले हेडफोन आणले. (जनार्दनचं वंदना ‘ज.’ करते. नवऱ्याचं नाव घ्यायला लाजत नाही, लिहायला कंटाळते.) डोक्यावर कढई उलटी घातल्यासारखे. मग त्याने बटणं फिरवली. बास म्हणे, म्हणजे जाडा आवाज. तो वाढव, अजून वाढव.
“आये, पोटात वाजला पाहिजे, तेव्हा ते गाणं.”
पोटात वाजलं. ढोल बरगड्यांमधून फिरून आला.
“मजा आली ना?”
म्हटलं, मजा आली. बाई नाय आली.

रविवार, १३ मार्च
प्रकाश आला, होणारा नातजावई. ठाण्याला कारखान्यात आहे. पोरगा चांगला, पण कानाचा छांदिष्ट. स्वतःचे हेडफोन घेऊन आला. फॉरेनचे. डब्यात डबा, त्यात मऊ फडकं, फडक्यात ते. आमच्यात मूल जन्मलं तरी एवढं गुंडाळत नाहीत.
किंमत विचारली, हसला. मनीषाने माझ्या कानात सांगितली. बया. तेवढ्यात पोरीच्या गळ्यात काहीतरी आलं असतं. ह्याने स्वतःच्या कानावर घातलं. “आजी, आमच्या आईला बोलू नका.” नाय बोलणार. पण आता तू माझ्या मुठीत आहेस म्हटलं.
मग सासरा-जावई जुंपले.
प्र.: मामा, तुम्ही आवाजात तेल ओतता. जसं गायलंय तसंच ऐकू आलं पाहिजे. ना कमी ना जास्त.
ज.: जावईबापू, जसं गायलंय तसं कोण ऐकतो? मांडवात पंगत बसलेली असते, पोरं रडत असतात. लोकांना बरं वाटलं पाहिजे.
प्र.: बरं वाटणं वेगळं, खरं असणं वेगळं.
ज.: आणि महाग असणं तिसरंच.
ह्यावर वंदना हसली म्हणून तिला चहा करायला पाठवलं. तिच्यामागे मीच म्हटलं, मी बोंबलाच्या कालवणात तिखट घालते, कोण नुसता भाजून खातो. पोट दोघांचं भरतं. तर म्हणे आजी, हे तसं नाही. तसंच आहे रे बाबा.
शेवटी लावले. वजन काहीच नाही. आणि आधी काय ऐकू यावं? बांगड्या. कुणाचा तरी खोकला. मग अगदी जवळ, माझ्या जावेचा आवाज: “हिच्या गल्यात आता काय राहिला नाय.”
एवढे पैसे मोजून निंदा ऐकायची! विहिरीवर फुकट मिळायची. जावेला बुधवारी जेवायला बोलावलंय. काही बोलणार नाही. नुसती बघत राहीन.
आणि हो. यमुना आहे. बारीक, पण आहे.

सोमवार, १४ मार्च
हेडफोन ठेवून गेला. दुपारी पुन्हा ऐकलं. यमुना येते, पण टाळूच्या खाली, डोक्याच्या मधोमध बसून गाते. ती माझ्या डोक्यात कधी बसली नाही. तशी बसवून घेणाऱ्यातली नव्हती ती. ती माझ्या डाव्या खांद्याला असायची. तिच्या तोंडाला मशेरीचा वास.
उजवी वाटी कानावरून मागे सारली. आता बरोबर. यमुना डावीकडे, उजवा कान मोकळा, त्यात माझा आवाज मला ऐकू येतो. दोन नावं मिळाली.

रविवार, २० मार्च
प्र. ने बघितलं आणि कळवळला.
“आजी, एका कानाने? अर्धं फुकट जातंय.”
“मग अर्धे पैसे परत घेऊन ये दुकानातून.”
त्याचं म्हणणं, बनवणाऱ्याने दोन कानांचा तोल साधलाय, तो मोडायचा नाही. असेल. पण बनवणारा त्या मांडवात नव्हता, मी होते.
नावं आता बरीच जमली. वंदना म्हणाली, लिहून ठेवू? नको म्हटलं. कागद हरवला की पितर हरवले. तर ही शहाणी, “आई, कॅसेट तरी कुठे सापडत होती?”
बोलायला लागली हल्ली.

मंगळवार, २९ मार्च
शिमगा झाला. घरात शांत होतं, म्हणून ऐकत बसले.
आज एक नवीन ऐकू आलं. माझ्या प्रत्येक नावाच्या आधी काहीतरी पुटपुट. वाटलं टेप घासते. पुन्हा लावलं. यमुना आहे. माझ्या वाट्याचं नाव मी घ्यायच्या आधी ती ते ओठांत म्हणते. हळू, फक्त माझ्यापुरतं. मग मी मोठ्याने. प्रत्येक नावाला.
इतकी वर्षं मला वाटायचं, अर्धं तिचं, अर्धं माझं.
वंदने, आज एवढंच.

शनिवार, २ एप्रिल
डायरी नको म्हटलं होतं. आज ज. ने काढली. बाहेर ओट्यावर येऊन बसला बाजूला. “आये, माझ्या बासमध्ये यमुनाबायचं ता पुटपुटणं झाकलेलं होतं. झाकलेलं बरं होतं ना?”
लाउडस्पीकरवाला असून हळू बोलला. हे पण लिही.
महाग वस्तूचं हेच. ती सगळं सांगते. विचारलं नाही तेही. स्वस्तातली निदान राखून बोलते.
पण कळलं नसतं तर काय, तेही धड सांगता येत नाही. आता निदान माहीत आहे मी कुणाच्या ओठांवर चालत होते.

रविवार, १० एप्रिल
हेडफोनशिवाय म्हणून बघितलं. यमुनेची नावं आली, आणि माझीच अडली! तीन ठिकाणी. हसावं की काय करावं.
दोघा तज्ज्ञांनी उपाय काढले. प्र.: लग्नात वॉकमन कमरेला लावा, वायर पदराखालून. ज.: त्यापेक्षा कॅसेटच लाउडस्पीकरवर लावू, तू नुसती तोंड हलव. म्हटलं, देव काय कॅसेटवर बसायला येतील? नव्या घरात पोरगी चाललीय, तिच्यासाठी कुणीतरी जिवंत माणसाने हाक मारायला नको?
पुन्हा म्हणायला घेतलं, पुन्हा अडलं. आणि अडलं तिथे डावीकडून बारीक आवाजात नाव आलं. हेडफोन तर डब्यात.
वंदना. चवळी निवडत होती.
“काय म्हणालीस?”
“काय नाय.”
“परत म्हण.”
म्हणाली. पुढचंही. त्याच्या पुढचंही. महिनाभर ही माझ्या बाजूला बसून लिहीत होती, आणि मी मोठ्याने पाठ करत होते, ते सगळं हिच्यात मुरलं. आवाज कसा? पत्र्यावरून डबा ओढल्यासारखा. (लिही.) पण नाव बरोबर.

शुक्रवार, २२ एप्रिल
रोज दुपारी म्हणतो. ती डावीकडे उभी राहते. आधी उजवीकडे राहिली, तर मला काही सुचेना. शेजारीण खिडकीतून विचारते, काय भांडण चाललंय का. चालू दे म्हटलं.
एकच जागा राहिलीय. शेवटून दुसरं नाव, यमुनेच्या वाट्याचं. नेमका तिथे ढोल पडलाय. ज. ने सगळी बटणं फिरवली, बास पार काढून टाकला, बिचाऱ्याला किती वाईट वाटलं असेल. प्र. ने डोळे मिटून ऐकलं. नाही.
प्र. म्हणतो, ह्याहून भारी हेडफोन मिळतो. म्हटलं लग्न करायचं आहे ना तुला? ज. म्हणाला, “जावईबापू, ढोलाखाली काय रेकॉर्डच झाला नाय. नाय ते भारीतला भारी घेऊन पण नाय.” प्र. ने मान हलवली. “बरोबर आहे मामा.” पहिल्यांदा एकमत. तेही काहीच ऐकू येत नाही ह्यावर.
यमुनेच्या सुनेला विचारून आले. तिला एकही नाव माहीत नाही. तिने कधी विचारलं नाही, यमुनेने कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतंच.

शनिवार, ७ मे
आज संध्याकाळी हळद. उद्या लग्न. मांडवात ज. चे भोंगे लागलेत. मी आणि वंदना म्हणू तेव्हा बास कमी ठेवीन म्हणाला. मागितलं नव्हतं.
प्र. चे हेडफोन फडक्यात गुंडाळून मनीषाच्या पेटीत ठेवले. त्याच्याच घरी चाललेत. परवा विचारत होता, “आजी, शेवटी आवाज कुठला चांगला? मामांचा की माझा?” म्हटलं, तुझ्याने बाई दिसते आणि ह्याच्याने माणसं नाचतात. तू नाचायला शिक. किंमत मात्र जास्तच आहे, ती तुझ्या आईला कधीतरी तूच सांग.
आता राहिली ती रिकामी जागा. मी म्हणते, तिथे एक श्वास सोडून पुढे जायचं. जो कोण असेल त्याने समजून घ्यावं. वंदना आत्ता लिहिता लिहिता थांबली.
“आई, तिथे यमुनाबायचं नाव घेतलं तर?”
असं नसतं. आवतण आपल्या घरच्या पितरांना. यमुना दुसऱ्या घरची, तिला बोलवायला तिचे मुलगे आहेत. आणि जी जन्मभर दुसऱ्यांना आवतण देत फिरली, ती स्वतः पाटावर कशी बसेल? तिला सवय नाही. आली तर माझ्या सुरात खोट काढेल, सुके सोडे घातलेली वांगी मागेल, आणि चार दिवस हलणार नाही.
हे सगळं वंदनेला सांगितलं. ती म्हणाली, “मग घेऊ की नको?”
नाव यमुनेच्या वाट्याचं, म्हणजे आता हिच्या. माझ्या वाट्याचं नाव घेऊन मी थांबणार. डावीकडून काय येतं, ते मांडवाबरोबर मलाही तेव्हाच कळेल.
पेन ठेव गो. बायका आल्या, हळद कालवायची आहे.