एका बाकाचे सत्तावीस रुपये

मुरार, मंगळवार, १९ जुलै १९४९

सत्तावीस रुपये! शाळेच्या एका साध्या बाकाला! घरी आल्यापासून हा आकडा डोक्यातून जात नाही.

हिशेब तपासायला इंदूरहून आलेल्या तरुण साहेबांनी आमच्या सरकारी सुतारखान्याचा पाच वर्षांचा लाकूड-मजुरीचा खर्च काढला, बाकांच्या संख्येने भागला आणि म्हणाले, "बाजारात बाक नऊ रुपयांत मिळतो. असला कारखाना नव्या मध्यभारत सरकारला परवडणार नाही. बंद करा."

अहो, पण त्याच सागवानातून संस्थान असताना महाराजांच्या दरबारच्या हत्तींचे हौदे झाले, दसऱ्याची पालखी झाली, त्याचं काय? निम्मं वर्ष तर त्यातच जायचं! हे सांगितलं तर म्हणतात, "तयार मालाच्या वहीत दाखवा." कुठून दाखवू? दरबारच्या वस्तूला किंमत लावणं म्हणजे बेअदबी, हा इथला रिवाज. लाकूड गेलं ते लिहायचं, हौदा झाला ते नाही. इंदूरवाल्यांना हे कोण समजावणार? भागाकार आला म्हणजे अक्कल आली का?

कचेरीबाहेर गनी मिस्त्री वाट बघत उभे होते. त्यांच्या हाताखाली चाळीस सुतार आहेत. सगळं ऐकल्यावर ते साहेबांना शिव्या घालतील असं वाटलं होतं. त्यांनी मलाच विचारलं, "बाबूजी, हौदे तो हमने बनाए थे. लिखना तो आपका काम था न?"

वही काखेत मारून मी तडक घरी आलो.

आत्ता तो भागाकार मी तीनदा करून पाहिला. सत्तावीसच येतात. आणि वहीत पहिल्या पानापासून अक्षर माझं आहे.