रविवारचा नायट्रोजन

"जग चूल पेटवायला धडपडतंय आणि आमची पोरगी गार करायला निघालीय!" मी रसायनशास्त्राला नाव घातलं त्या दिवशी वडील म्हणाले होते. ते आता हयात नाहीत, त्यामुळे त्यांच्या वाट्याला या दस्तऐवजातलं पहिलं वाक्य तेवढं येतं.

मी, वय सेहेचाळीस, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाविना हे लिहीत आहे. गुरुवारी माझं ऑपरेशन आहे. डॉक्टर "अगदी साधं आहे हो" असं तीनदा म्हणाले, म्हणून लिहायला बसले.

कलम एक. राहतं घर आणि शिल्लक नवऱ्याला. फ्रीजही त्यालाच. उणे एकशे शहाण्णव अंश सांभाळणाऱ्या बाईच्या घरी फ्रीजचं दार लागत नाही, हे त्याने सहा वर्षं चारचौघांत सांगितलंय. आता त्यानेच दुरुस्त करावं.

कलम दोन. प्रयोगशाळेशेजारच्या खोलीतल्या प्राध्यापकांना माझा चांगला तापमापक. "बाई, तुमचं पिंप गळतंय," हे पालुपद बंद करून त्यांनी एकदा स्वतः मोजावं.

कलम तीन. ते पिंप. त्यात द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेली एक निळी कांडी आहे. इतक्या थंडीत तिच्यात काहीही घडायला नको. तरी सहा वर्षं तिचा निळा रंग कणाकणाने उतरतोय. आणखी अकरा महिन्यांची मोजणी झाली की ते सिद्ध होईल. पिंप एकदा जरी कोरडं पडलं, तर कांडी पांढरी आणि मी खोटी. मोजणी यंत्र करतं. नायट्रोजन मात्र माणसाला ओतावा लागतो, बुधवारी आणि रविवारी.

बुधवार आमच्या तंत्रज्ञांनी कबूल केलाय. "रविवारचं नाही जमणार हं, बाई. बायको मलाच पिंपात घालेल."

कलम चार. मुलीला माझी पुस्तकं, कानातले आणि प्रयोगशाळेतले जाड हातमोजे. तेरा वर्षांची असताना ती म्हणाली होती, "आई, मलाही त्या पिंपात ठेव ना, म्हणजे रविवारी तरी बघायला येशील." मी हसले होते. हसायला नको होतं.

साक्षीदार: १. तंत्रज्ञ (सही). २. शेजारचे प्राध्यापक (सही, कलम दोन वाचून पेन आपटलं).
स्थळ: पिंपाशेजारचं स्टूल.
दिनांक: ऑपरेशनआधीचा रविवार. दुसरा कुठला असणार?

ता. क. बाळा, तुझे एवढे रविवार घेतले आणि वर आणखी मागतेय. सत्तेचाळीस आहेत. दर वेळी वीस मिनिटं, हातमोजे घालून. तू नाही म्हणशील, आणि ते बरोबरच असेल. तरी, येशील?