राजूरपर्यंत आवाज

मॅडम, हल्ली आपल्या कृषी विद्यापीठातली भाषणं लोक बांधावर बसून मोबाईलवर बघतात. ते पाहिलं की नव्याण्णव सालची ती दुपार समोर येते. तुमचं निवृत्तीचं भाषण होतं, विषय भातावरचा करपा रोग. मी कंप्युटर विभागात नुकतीच लागले होते. मला बोलावून तुम्ही म्हणालात, "भात पिकतो अकोले तालुक्याच्या डोंगरात आणि मी बोलणार इथल्या पंख्याखाली. इंटरनेटवरून तिथल्या राजूरला ऐकू जाईल का?" मी म्हटलं, "आपल्याकडे असं कुणी केलेलं नाही." "मग तू कर," म्हणालात आणि दोन चहा मागवलेत.

राजूरच्या शाळेत एकच कंप्युटर. त्याला कर्णा जोडून माणसं पटांगणात बसली होती. इकडे हॉल भरलेला. भाषण रंगात येतंय तोच तिथल्या मास्तरांचा शेजारच्या एसटीडी बूथवरून फोन येतो, "आवाज गेला!" मी हात वर करते, तुम्ही अर्ध्या वाक्यात थांबता. मी पुन्हा फोन लावते. मोडेम किंचाळतो, जोडला जातो, तुटतो. अध्यक्ष वैतागतात, "मॅडम, लोक ताटकळलेत. पुढे चला." तुम्ही माईकवरूनच सांगता, "इथल्यांना मी रोज भेटते. तिथले लावणीची तयारी सोडून आलेत. थांबू." आणि सरळ खुर्चीत जाऊन बसता.

शेवटी लाइन टिकली. भाषण संपल्यावर त्याच बूथवरून एका बाईचा फोन आला. "बाई, रोपावर लई ठिपकं पडल्यात. लावू का नको?"

तुम्ही म्हणालात, "ठिपक्यांचं रोप खाचरात नेऊ नका. निरोगी तेवढंच लावा."

"अन् कमी पडलं तर?"

"मी आणते."

दुसऱ्या दिवशी सकाळी, निवृत्त झालेल्या तुम्ही, विद्यापीठाच्या शेतातल्या रोपांच्या जुड्या जीपमध्ये भरून राजूरला निघालात.

तुम्ही निवृत्त झाल्यावर अशी भाषणं गावात पोचवणं बंद करायचं ठरत होतं. खर्चिक खेळ, म्हणायचे. मी प्रत्येक नव्या साहेबापुढे जाऊन उभी राहिले, हटले नाही. आज त्या कामाला स्वतंत्र खोली आहे. तिथेच बसून हे लिहितेय. तुम्ही गेल्यापासून पाठवायला पत्ता नाही.

ते भाषण अप्रतिम झालं, असं जुने लोक अजून म्हणतात आणि मी मान डोलावते. पण मॅडम, माझं सगळं लक्ष मोडेमच्या दिव्यांकडे होतं. तुमच्या भाषणातला एकही शब्द मी ऐकलेला नाही.