खाकी कागदाचा टीव्ही

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय भावोजी,

वहिनीचा आशीर्वाद. तुम्ही बरे असाल, वेळेवर जेवत असाल आणि त्या कपड्यांच्या कारखान्यातल्या माणसांवर उगाच डाफरत नसाल असं धरून चालते. आम्ही सगळे खुशाल. पत्रास कारण टीव्ही.

हसू नका. फोन असताना वहिनीला पत्राची हौस कुठून आली, असं म्हणाल. पण फोन रविवारी, आणि तेव्हा तुमचे दादा माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेले. त्यांच्यादेखत त्यांची टिंगल कशी करू? टिंगलीला पत्रच बरं.

तर आपला जुना डबा अखेर गेला. आधी सगळी माणसं हिरवी दिसायची, मग लांबट झाली, आणि गेल्या आठवड्यात पडद्यावर एक पांढरी रेघ उरली. मी म्हटलं, त्रेचाळीस इंची घेऊ, पुष्कळ झाला. तुमची लाडकी पुतणी म्हणाली, आई, आजकाल पंचावन्नच्या खाली कोणी घेत नाही. आणि तुमचे दादा, गिऱ्हाइकाला जास्तीचं एक बटण द्यायचं म्हटलं तरी ज्यांचा जीव वरखाली होतो ते, एकदम म्हणाले, "पासष्ट."

मी म्हटलं, "अहो, ही भिंत आहे की मैदान?"

"मोठा म्हणजे मोठा," म्हणाले. तुम्हाला ठाऊकच आहे, एकदा मास्तरांनी कापडावर खडू ओढला की ओढला.

पण शिंपी तो शिंपीच. आधी कागदावर बेतायचं, मग कापडाला कात्री, हा नियम टीव्हीलाही लावला. खाकी कागद काढला, टेप काढली, पासष्ट इंच रुंद कागद कापला आणि टाचण्या टोचून भिंतीवर लावला. कडा जरा वाकडी गेली. कात्रीला धार नाही म्हणाले. मग आम्ही तिघं त्या कोऱ्या कागदासमोर ओळीनं बसलो. कुठून बसलं की मान दुखेल, खिडकीचा उजेड कुठं पडेल, सगळं बघायचं होतं ना! तेवढ्यात शेजारीण चाळणी मागायला आली. दारातच थबकली. "काय चाललंय?" मी म्हटलं, "बातम्या." बिचारी चाळणी न घेताच गेली.

दुकानात गेलो तर खरी मजा. तिथला विक्रेता म्हणाला, काका, टीव्हीचं माप रुंदीत नसतं, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं घेतात. झालं! मास्तरांचा पारा चढला. "तिरकं? माणसाचं माप मी खांद्यापासून समोरच्या गुडघ्यापर्यंत तिरकं घेतलं तर सदरा कुणाच्या अंगाला बसेल?" त्याला चांगलं फैलावर घेतलं. आपला भिंतीवरचा कागद निष्कारण वीतभर मोठा होता, हे दुःख होतंच.

आणि आता ऐका. सगळे टीव्ही बघून झाले, एकही पसंत नाही. हा भडक, तो फिका. मग शेवटी कोपऱ्यातल्या एका भल्या मोठ्या चौकटीपुढं उभे राहिले आणि मला म्हणाले, "हा घेऊ. बघ, रंग कसे खरे आहेत. तो शिडीवाला तर आत्ता आत येईल असं वाटतंय."

विक्रेता म्हणाला, "काका, ती खिडकी आहे."

आणि भावोजी, तो शिडीवाला खरंच दार ढकलून आत आला हो! दुकानाची पाटी दुरुस्त करायला आला होता. अख्खं दुकान हसलं. दादाही हसले. म्हणाले, तुमची परीक्षा घेत होतो.

तेव्हा आता तुम्हीच सांगा, किती इंची घ्यावा. तुमचं ते ऐकतील. म्हणजे आधी नाही म्हणतील, मग ऐकतील.

तब्येतीला जपा.

तुमची
वहिनी


दि. २ मार्च

प्रिय भावोजी,

आशीर्वाद. तुमचं उत्तर मिळालं. खिडकीची गोष्ट वाचून पोट धरून हसलात, कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलीत, हे वाचलं. खाली लिहिलंत, "त्रेचाळीसच घ्या. एवढ्याशा खोलीत पासष्ट इंची लावलात तर दादाचे डोळे जातील."

मी हे ओट्याशी उभी राहून वाचत होते. गॅस बंद केला आणि खाली बसले.

पत्र दादांना वाचून दाखवा असं तुम्ही लिहिलं होतंत. दाखवलं. तेवढं वाक्य सोडून. पूर्वी तुमचं पत्र माझ्या हातून हिसकावून घेऊन आधी स्वतः वाचणारा माणूस, आता म्हणतो, तूच वाच, माझा चष्मा सापडत नाहीये. चष्मा नाकावरच असतो.

भावोजी, दुकानात त्यांनी थट्टा केली नव्हती.

मी मागच्या पत्रात तुम्हाला हसवलं, कारण मलाही ती थट्टाच ठरवायची होती. त्या दिवशी दुकानाबाहेर पडल्यावर पायऱ्यांवर त्यांनी माझा दंड धरला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, रस्त्यात माझ्यापुढं चार पावलं चालणारा हा माणूस. मी म्हटलं, "अहो, लोक बघतायत." तर म्हणाले, "बघू देत. मला ती खिडकी खरंच टीव्ही वाटली गं."

त्याच रात्री तुम्हाला पत्र लिहिलं, आणि दुसऱ्याच दिवशी तुमच्या पुतणीनं त्यांना धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू असता तर काढून मोकळे झालो असतो. हे तसं नाही. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध झिजतोय. कडेकडेचं दिसतं, मधलं जातं. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं दिसत नाही. उजवा डोळा जवळजवळ गेलाच. डावाही त्याच वाटेवर आहे, पण अजून थोडं काम देतो. किती दिवस, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. डोळ्यात इंजेक्शन देतात, त्यानं झीज थोडी धीमी होते, गेलेलं परत येत नाही. सुई बघून हे डॉक्टरांना म्हणतात कसे, "जरा बारीक टाका घाला हं, सुरकुती पडायला नको." डॉक्टर हसले. मी बाहेर जाऊन रडून घेतलं.

कागदाची ती वाकडी कड आठवते? कात्रीला चांगली धार होती. मी नंतर करून बघितलं. नवीन कापड शिवायला घेणं त्यांनी हळूहळू बंद केलंय, आणि मला पत्ता नाही! गिऱ्हाइकाला सांगतात, हातात काम फार आहे. आणि मशीनवर बसून हातांनी चाचपून बटणं लावत असतात. बटणं मात्र अजून अशी लावतात की ओढून तुटायची नाहीत.

तर पासष्ट इंचीच आणला. तुमचा सल्ला मोडला, रागावू नका. का हवा होता एवढा मोठा, ते मी खोदून खोदून विचारलं. आधी म्हणाले, हौस. मग म्हणाले, पोरीला आवडेल. शेवटी म्हणाले, "रविवारी फोनवर त्याचा आवाज येतो. तोंडाच्या जागी नुसता करडा डाग. मोठ्या पडद्यावर लावला तर नाकडोळे सापडतील की काय, बघू."

हे असं आहे, भावोजी. टीव्ही तुमच्यासाठी घेतलाय.

गेल्या रविवारी पुतणीनं तुमचा फोन टीव्हीवर लावला. तुम्ही भिंतभर दिसायला लागलात. हे उठले आणि पडद्याला नाक लावून उभे राहिले. फोन आमच्या मागं कपाटावर ठेवला होता, म्हणून तुम्हाला त्यांची पाठ तेवढी दिसली. तुम्ही मला म्हणालात, "वहिनी, दादा अजून रागावलेत का? पाठ करून उभे आहेत." आणि मग कामाची सबब सांगून तुम्ही फोन ठेवलात. मला त्यांच्यासमोर काही बोलता येईना.

अहो, ते पाठ करून उभे नव्हते. ते तुमच्याकडे बघत होते. मान इकडे कर, तिकडे कर, कोंबडीसारखं चाललं होतं. तुम्ही फोन ठेवल्यावर मी विचारलं, "सापडला का?" म्हणाले, "कान सापडला. आईसारखाच आहे." आणि जाऊन मशीनवर बसले. मग सुईत दोरा ओवायला मला हाक मारली.

आता तुम्ही विचाराल, हे आधी का कळवलं नाही. त्यांनी बजावलंय. "त्याला कळवलंस तर तो कीव करून येईल. तसा नको." तुम्ही निघालात त्या दिवशी, गेलास तर परत पाऊल टाकू नकोस, असं म्हणाले होते ना? ते शब्द त्यांच्या घशात अडकलेत. गिळताही येत नाहीत आणि बाहेरही काढता येत नाहीत. तुम्हीही काही कमी नाही म्हणा. एकाच पिठाचे दोघं. घरचं शिवणकाम सोडून कारखान्यात नोकरी धरली म्हणून धाकट्यानं घरच सोडायचं आणि थोरल्यानं दार लावून घ्यायचं, आणि मधल्या मध्ये मी दर रविवारी तुमच्या दोघांच्यात इंच मोजत बसायचं! मला आता राग येतो, खरंच सांगते. दोघांचा येतो.

हे पत्र मी त्यांच्या समोर बसून लिहितेय, भर दुपारी. टेबलाच्या पलीकडे ते कॉलर उसवतायत. मघाशी विचारलं, कुणाला लिहितेस? म्हटलं, धाकट्या बहिणीला. म्हणाले, तिला माझा आशीर्वाद कळव, म्हणावं एकदा येऊन जा. तो मी तुमच्याकडे पोचता करते. ऐकणाऱ्यानं ऐकावं.

तेव्हा या. सुट्टी मिळत नसेल तर भांडून घ्या, भांडायला तुम्हाला शिकवायला नको. डोळ्यांचं अवाक्षर काढू नका. नवा टीव्ही बघायला आलो म्हणा, आणि एवढा मोठा कशाला घेतला म्हणून दोन शब्द सुनवा. त्यांना बरं वाटेल.

आणि एक सांगते, ते नीट वाचा. आत आलात की त्यांच्या समोर उभे राहू नका. समोरचा माणूस त्यांना दिसत नाही. डाव्या बाजूला बसा, खुर्ची थोडी मागं घेऊन. मग ते तोंड दुसरीकडे फिरवतील, दाराकडे नाहीतर भिंतीकडे. मागच्या रविवारी फोन ठेवलात तसे उठून जाऊ नका, भावोजी. थोडा वेळ तसेच बसून राहा. त्यांनी तोंड फिरवलं की समजा, तुमचा चेहरा त्यांना सापडला.

त्यांचा शब्द आयुष्यात पहिल्यांदाच मोडणारी,
तुमची
वहिनी