आमच्या बँडचे मॅनेजर

भाऊ,

परवा पोरीने मोबाईलवर एक लांबलचक कार्यक्रम लावून दिला आणि म्हणाली, "बाबा, हे ऐका, तुमच्या कामाचं आहे." मी लसूण सोलत बसलो होतो. विलायतेत रॉक नवं नवं होतं तेव्हाची गोष्ट सांगत होते. त्या काळातल्या कितीतरी बँडचे मॅनेजर म्हणे पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष होते. तिथे तेव्हा असं काही कळलं तर पोलीस धरून न्यायचे. आणि ह्याच माणसांनी गल्लीबोळातले पोट्टे हेरले, त्यांचे केस कापले, कपडे बदलले, पुढे कोणी उभं राहायचं, मान किती झुकवायची, सगळं ठरवून दिलं. बायापोरी कशाने वेड्या होतात ते त्यांना बरोबर कळायचं, कारण ते स्वतःच त्या नजरेने पाहायचे. एवढं ऐकलं आणि माझा हात थांबला. बापा रे, हे तर आमच्या भाऊचं काम! सात समुद्रापलीकडचं ते कोणी तुम्हाला सांगितलं नव्हतं, आपल्या कोळशाच्या माजरीत सांगणार तरी कोण? तरी तुम्ही तेच केलंत. लिहायला बसलो की माझी भाषा इस्त्री केल्यासारखी होते, तुम्ही असता तर म्हणाला असता, "काऊन गा, मास्तर झाला का तू?" पण आज हसू नका, आज मला नीट सांगायचं आहे.

आम्ही होतो तरी काय? खाणीच्या वर्कशॉपमधले आणि कोळसा चाळणीवरचे पाच पोट्टे. लग्नाच्या वरातीत चमकीचे कोट घालून सिनेमाची गाणी वाजवायचो, नवरदेवाचा मामा दारू पिऊन आला की तेच गाणं पुन्हा, पुन्हा. तुम्ही हजेरी ऑफिसातले कारकून, पांढरा शर्ट, केसाला तेल, कोणाच्या अध्यात ना मध्यात. एका वरातीत तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून आम्हाला पाहिलंत आणि दुसऱ्या दिवशी बोलावलंत. तुम्ही पहिलं काम काय केलंत, तर आम्हाला पाचही जणांना एकाच पाळीत लावलंत. ह्यातली गंमत खाणीत राबलेल्यालाच कळेल. एक पहिल्या पाळीत, दुसरा रातपाळीत असला तर जन्मभर तालीम होणार नाही. वाद्यं, गाणी, नाव, सगळं नंतर आलं. आधी तुम्ही आम्हाला एका वेळी रिकामं केलंत, आणि फोरमनला वाटत राहिलं की योगायोग आहे.

तालीम तुमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात. अजून डोळ्यांपुढे आहे, चुलीवर लाखोळीचं वरण उकळतंय, तुम्ही भाताचं भांडं फडक्याने धरून खाली उतरवताय आणि खिडकीत ठेवलेल्या टेपवर इंग्रजी गाणं ओरडतंय. शब्द एकाला कळेल तर शपथ. तुम्हालाही कळत नव्हते. "शब्द सोडा ना बे," तुम्ही म्हणता, "पोटातून का निघून राह्यलं ते आयका. आपल्या पोटातून का निघते ते पाहू." मग आम्ही आमच्या बोलीत गाणी बांधली, खाणीच्या भोंग्यावर, धुळीवर, पगाराच्या दिवशी घरी न येणाऱ्या बापावर. चमकीचे कोट तुम्ही पेटीत टाकलेत आणि म्हणालात, ड्युटीचा निळा शर्ट घालून या. माझी माय चिडली, "कोळशाच्या शर्टावर कोणी स्टेजवर जाते का?" तुम्ही माझी बाही वर दुमडलीत, चिमटीत नुसतं कापड धरून, हाताला बोट न लावता. "दोन घड्या. तिसरी नाई. तिसरीनं हमाल दिसते." कोणत्या शाळेत शिकवतात हे?

आणि ती मंडई! दिवाळीनंतरची जत्रा, धान कापून झालेलं, आजूबाजूच्या गावांतून माणसांचा पूर. सगळ्यांना नाटक पाहायचं होतं, संध्याकाळी नाटकाआधी आम्हाला अर्धा तास दिला होता. पहिलं गाणं संपलं तशी मी सवयीने बत्तिशी दाखवली, हात जोडले, वाकलो. गाण्यांच्या मधल्या वेळात तुम्ही पडद्याआडून आलात, आवाज खालीच, पण असा की अंगावर काटा यावा. "भीक मागून राह्यला का बे? टाळ्या मागू नोको. हालू नोको. उभा राह्य नुसता. पाहू दे त्यायले." मी उभा राहिलो. मग पाहतो तर खाली बसलेल्या बायांच्या हातातली चिवड्याची पुडी हातातच राहिली आहे, पोरी एकमेकींना कोपर मारत आहेत, आणि म्हातारे चिडले आहेत पण उठून जात नाहीत. तुम्ही स्टेजच्या कडेला आमच्याकडे पाठ करून बसलात, लोकांचे चेहरे वाचत. मला आजही ह्याचंच नवल वाटतं. पुरुषाने नुसतं उभं राहून स्वतःला पाहू द्यायचं असतं, हे आमच्या बापजाद्यांत कोणाला माहीत होतं?

त्या मंडईनंतर जिवतीपासून आलापल्लीपर्यंत आम्हाला बोलावणी आली. पोट्टे बाह्या दुमडून फिरू लागले, अगदी दोन घड्या! आणि प्रत्येक कार्यक्रमाला आलापल्लीच्या सागवान डेपोतला तो उंच माणूस यायचा. तुम्ही ओळख करून द्यायचात, "हे आपले पाव्हणे." आम्हीही पाव्हणे म्हणू लागलो. वर्षानुवर्षं ते पाव्हणेच राहिले. तुम्ही गेलात तेव्हा घाटावर तुमच्या पुतण्याने अग्नी दिला, मोठी मोठी माणसं बोलली, आणि पाव्हणे मागे सायकलींजवळ उभे होते. त्यांना कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

यंदा कॉलनीतल्या पोरांनी तुमच्या आठवणीचा कार्यक्रम ठरवला. विहाराच्या सभागृहात जुनी गाणी वाजवायची आणि तुमच्या नावाची शाल घरच्या माणसाला द्यायची. घरचा माणूस म्हणजे पुतण्या. मी म्हणालो, थांबा, ती शाल पाव्हण्यांची आहे. पुतण्याचा चेहरा उतरला. "काका, त्यायनं कलेसाठी लग्न नाई केलं, एवढं सांगा ना. चांगलं दिसते. बाकीचं कायले उकरता?" त्याचंही मन मी समजू शकतो. पण मी एसटी धरली आणि आलापल्लीला गेलो, कारण बोलायचं की नाही हे ठरवणारा मी कोण?

पाव्हणे अंगणात खाटेची नवार ताणत होते. हात अजून घट्ट आहेत. मी सगळं सांगितलं, पोरीच्या मोबाईलवरचंसुद्धा. म्हणालो, "शाल तुमची. पण लोक विचारतील हे कोण. तुम्ही म्हणाल ते सांगीन, नाई म्हणाल तर तोंड शिवून घेईन. इथी तुम्हाले राहायचं आहे." त्यांनी नवारीला गाठ मारली. मग म्हणाले, "घाटावर मी मागे होतो. लोकायची चूक नाई, त्यायले माहीतच नोहोतं. आता मले पुढे बसू दे. सांग तू. पन रडका आवाज नोको काढू, त्याले नाई आवडे." आणि मग आपणहून बोलू लागले. "तुले पहिल्यांदा वरातीत पाह्यलं ना त्यानं, तवा मले येऊन म्हणला, एक पोट्टा हाय, त्याच्यावर नजर गेली तर हटत नाई. म्या म्हणलं, मंग? माहा जीव खालीवर. तर म्हणला, मंग का, बँड काढतो. माही नजर हटत नाई तर गावाची बी नाई हटणार."

भाऊ, दुसऱ्याने त्या नजरेचं काय केलं असतं? मनात कुढला असता, नाहीतर माझं आयुष्य नासवलं असतं. तुम्ही तिचा बँड केलात. पाच घरं वर आणलीत आणि दोन जिल्ह्यांतल्या पोट्ट्यांना ताठ उभं राहायला शिकवलंत. एवढं मोठं काळीज कुठून आणलं होतं?

कार्यक्रमात मी माईक हातात घेतला. पाव्हणे पहिल्या रांगेत, धुतलेला सदरा घालून. मी म्हणालो, "हे भाऊचे जोडीदार. नवराबायको असतात तसे. भाऊची शाल यांची आहे." पुतण्या जमिनीकडे पाहत होता. मला वाटलं, मेलो, आता खुर्च्या उठतात. तेवढ्यात मागून आमच्या क्वार्टरांच्या लाईनीतली म्हातारी मावशी काठी टेकत उठली, "तरीच! भावाच्या, नणंदेच्या, साऱ्यायच्या पोरी दाखवल्या मी त्याले. एकीकडेही वर मान करून नाई पाह्यलं. मले वाटे, हा भिक्खू होऊन राह्यला! आधी सांगतलं असतं तर माह्या चपला तरी वाचल्या असत्या!" सभागृह असं हसलं की काय सांगू. सगळ्यात जास्त पाव्हणे हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शाल खांद्यावरून घसरली तेव्हा पुतण्यानेच ती सावरून दिली. मग पोट्ट्यांनी गिटारी लावल्या.

हे पत्र कुठे पाठवणार नाही. बायकोला वाचून दाखवीन, मग ठेवून देईन. पाव्हण्यांचं खरं मी माईकवर सांगितलं, तर माझंही एक सांगून टाकतो. मी तुमच्यासारखा नव्हतो, तुम्हालाही ते ठाऊक होतं. पण तालमीत तुम्ही माझ्याकडे कसे पाहता हे मला पहिल्यापासून कळत होतं, आणि भाऊ, मला ते लय आवडायचं. तुम्ही खोलीत नसलात की माझा वरचा सूर लागायचाच नाही. बाकीच्यांना मी सांगायचो, घसा बसला आहे.